पाडलेला खांब

विल्फ पुन्हा थांबला. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी, आणि छातीतून जातं ओढल्यासारखा घरघर आवाज. पाटीच्या दगडाच्या खाणीत जन्म गेला त्याचा. ती धूळ छातीत बसली ती बसलीच.

"ओठ निळे पडलेत तुझे, डॅड. खाली जाऊ या," रूथ म्हणाली.

"या वाऱ्यात कुणाचेही पडतील. चल तू."

"अरे, सोमवारी घरी ऑक्सिजनचं नळकांडं यायचंय! डॉक्टरला कळलं ना, तर मलाच फाडून खाईल."

"म्हणून तर आज आलोय, पोरी. सोमवारपासून नाकात नळी घालून खिडकीत बसायचंच आहे, बुजगावण्यासारखं."

त्यानं कोटाचा उजवा खिसा चाचपला. वाटेत कितीदा तरी चाचपून झाला होता. खिशात दगड होता, घरामागच्या ओढ्यातला, मधून पांढरी शीर गेलेला. त्याच्या बायकोनं, मॅव्हिसनं, स्वतः निवडलेला. त्या दोघा नवराबायकोचा नेमच होता तसा: कुठलाही डोंगर चढायचा तर घरच्या ओढ्यातला दगड न्यायचा आणि माथ्यावरच्या दगडांच्या राशीत ठेवून यायचं. आसपासचे सगळे माथे झाले, एक रेव्हनबॅरो राहिला. त्याच्यासाठी निवडलेला हा दगड मॅव्हिसनं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, आणि वसंत यायच्या आत तीच गेली. आज सकाळी म्हाताऱ्यानं तो दगड खिडकीतून उचलला आणि मुकाट्यानं बूट चढवायला बसला. रूथनं खूप आरडाओरडा केला. काही उपयोग झाला नाही.

ढग खाली उतरला. शेजारी चरणारी मेंढी दिसेनाशी झाली. अशात समोर दगडांची एक रास उभी राहिली. हा माथा नव्हे, हे रूथला पक्कं ठाऊक होतं. रेव्हनबॅरोवर नवखा माणूस इथंच फसतो. पोचलो म्हणून टोपी काढतो, आणि मग मागं आणखी तेवढाच उभा चढ दिसतो. खऱ्या माथ्यावर जमीन-मोजणीवाल्यांनी बांधलेला पांढरा खांब आहे.

तिनं वळून बापाकडं पाहिलं. दोन पावलं टाकून तो काठीवर ओणवा होत होता. इथून वर गेला तर आपल्या पायांनी खाली यायचा नाही.

"आलं, डॅड!" ती ओरडली. "पोचलो आपण! हाच माथा!"

विल्फ एकेक पाऊल टाकत आला. चहूकडं पाहिलं. धुकंच धुकं.

"खांब कुठंय?"

रूथनं पाठीवरची पिशवी खाली उतरवली. "खांब ना... पाडला तो. गेल्या वर्षी. तडा गेला होता म्हणे."

"पाडला?"

"हो ना."

म्हाताऱ्यानं काठी राशीला टेकवली. "काय मेले एकेक!" तो म्हणाला. "काही म्हणून उभं असलेलं बघवत नाही यांना."

रूथ थर्मास काढायला पाठमोरी झाली. मागं दगडावर दगड वाजला, टक्.

"ठेवला," विल्फ म्हणाला. "झालं एकदाचं."

तिला रडूच आलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय, असं तिनं सांगून टाकलं. चहा ओतला, बिस्किटं काढली.

एवढ्यात वरच्या धुक्यातून एक जोडपं उतरत आलं, पुढं कुत्रा. डोंगर उतरणारा माणूस चढणाऱ्याला हमखास एक खोटं सांगतो: आलंच की आता, थोडंच राहिलंय! इथली रीतच ती. त्या गृहस्थानंही हसून तोंड उघडलं. रूथनं बापाच्या पाठीमागून त्याच्याकडं डोळे वटारले, जोरजोरात मान हलवली. बिचारा गडबडला.

"वर काहीच दिसत नाही हो आज," तो बोलून गेला.

रूथनं चटकन बापाकडं पाहिलं.

"इथंही तेच," विल्फ म्हणाला, आणि आपलं अर्धं बिस्किट त्यानं कुत्र्याला दिलं.

उतरताना तो तिच्या खांद्यावर हात ठेवून चालला. एरवी कुणाचा आधार घेणारा माणूस नव्हे तो.

गाडीपाशी तिनं त्याला पुढच्या सीटवर बसवलं, त्याचा ओला कोट काढून घेतला. कोट मागं टाकताना खिसा दारावर आपटला. टक्.

तिनं खिशात हात घातला. पांढरी शीर असलेला दगड. थंडगार.

मुठीत तो दगड घेऊन ती कशीबशी त्याच्या शेजारी येऊन बसली. "डॅड, मी तुला वर..."

"काच पूस जरा. काही दिसत नाही."

तिनं बाहीनं काचेवरची वाफ पुसली. ढग वर सरकू लागला होता. या डोंगराची खोडच ती, माणूस खाली उतरला की मोकळा होतो. जिच्यापाशी त्यांनी चहा घेतला ती रास दिसली. मग तिच्याही खूप वर, आभाळाला टेकलेला, पांढराशुभ्र खांब.

विल्फ बराच वेळ बघत राहिला. तिनं दगड त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही. आपल्या हातानं तिचीच मूठ त्यावर मिटवली.

"बघ की," तो म्हणाला. "बांधलासुद्धा परत."