तुंगाक्काची ओळ

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि चामराजपेटेतल्या त्या कार्यालयात जो तो हणमंतरावांची पाठ थोपटू लागला. पुतणीच्या लग्नाची मंगलाष्टकं त्यांनी स्वतः रचली होती, गुलाबी कागदावर छापून वाटली होती आणि खड्या आवाजात म्हटलीही होती. काय ते वृत्त, काय ती यमकं! प्रत्येक कडव्यात कुणी ना कुणी नातलग गुंफलेला, आणि शेवटी ठरलेलं ‘कुर्यात् सदा मंगलम्’.

एकच नाव नव्हतं, तुंगाक्काचं. ही हणमंतरावांची थोरली बहीण, विधवा. आई गेल्यापासून या पुतणीला, कल्पनाला, वाढवलं ते तिनंच. कागद छापून आला तेव्हा कल्पनानं विचारलंही होतं. काका म्हणाले, नाव वृत्तात बसेना, काय करणार.

थाप होती ती. नवऱ्या मुलाचे कारखान्यातले साहेब, अप्पासाहेब, त्यांचं एवढं लांबलचक नाव ओढूनताणून कोंबलंच होतं की! तुंगाक्का तर ओळीच्या सुरुवातीला चपखल बसत होतं. पण मंगलाष्टकात विधवेचं नाव आलं तर व्याही काय म्हणतील, म्हणून हणमंतराव कचरले. वर अक्काला, तुझंही नाव घातलंय, असं सांगून मोकळे झाले. तिला वाचता येत नव्हतं, आणि मुहूर्ताला ती पुढं येणार नाही, मागं स्वयंपाकाकडेच थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पंगत बसायच्या आधी तुंगाक्का पदराला हात पुसत बाहेर आली. कागद तिनं कमरेला खोचून ठेवला होता. तो उलगडून ती कल्पनाला म्हणाली, माझं नाव कुठं आहे ते स्वल्प दाखव की गं.

कल्पनानं काकांकडे पाहिलं. हणमंतरावांना मान वर करवेना. लाज वाटत होती, सख्ख्या बहिणीपुढं आणि त्याहून त्या पोरीपुढं.

कल्पनानं आत्याचं बोट धरलं आणि पहिल्या कडव्याच्या शेवटी, ‘कुर्यात् सदा मंगलम्’वर ठेवलं.

“हे बघ, आत्ती. इथं.”

तुंगाक्कानं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग ते पुढच्या कडव्याखाली गेलं. तिथंही तीच अक्षरं. त्याच्या पुढच्याखालीही तीच. कागद संपेपर्यंत ती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

“अरे हणमा,” ती म्हणाली, “एकदा घातलं असतंस तरी पुरं होतं की रे.”