हिरव्या झाकणाचा डबा

"आजपासून मला मटण वाढू नकोस," मुलगा म्हणाला आणि त्याने ताटातला तुकडा उचलून परत पातेल्यात टाकला.

आईचा हात तसाच राहिला. तीन पिढ्यांचं मटणाचं दुकान असलेलं घर ते. दात फुटायच्या आधीपासून हा पोरगा हाडूक चोखत बसायचा, म्हणून सगळे त्याला वाघोबा म्हणायचे. नळी तेवढी तो बापाच्या ताटात सरकवायचा. ती ठोकून आतला गर काढत बसायचा त्याला कंटाळा. बाकी हाडावर काही शिल्लक ठेवायचा नाही.

"पोट बिघडलंय का?" तिने विचारलं.

"नाही. सोडलं."

"वाघोबा आता पाला खाणार!" नणंद फिसकन हसली. "वहिनी, कुठलीतरी पोरगी असणार हो यात. तुम्हाला सून येणार ती शेळीच्या वळणाची."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. कुणी गिऱ्हाइकाने "ताजं आहे ना?" एवढं विचारलं तरी या माणसाचा पारा चढायचा. आता ताट भिंतीवर जाणार, या हिशेबाने तिने पाण्याचा तांब्या बाजूला घेतला. पण तो मान खाली घालून भात कालवत राहिला.

"खाऊ दे त्याला काय खायचं ते," तो म्हणाला. "उद्यापासून त्याच्या डब्यात भाजी दे. माझं आपलं नेहमीचं."

रोज सकाळी दोन डबे दुकानात जात. आता मुलाच्या डब्याला हिरवं झाकण आलं. दुपारी शटर अर्धं खाली ओढून बाप-लेक मागच्या खोलीत जेवत.

सुरुवातीला आईने मन मारून नुसती भाजी दिली. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानातलं काम म्हणजे बसल्या जागी आकडेमोड नव्हे. अख्खा बोकड खांद्यावर घ्यायचा, दिवसभर सत्तूर चालवायचा. कोबी-वाटाण्यावर हे कसं निभायचं? एकुलता एक पोरगा, उद्या पाठ धरून बसला म्हणजे?

मग तिने आपल्यापुरता मार्ग काढला. पहाटे नळ्या उकळायच्या, पाणी गाळायचं, वरची चरबी काढून टाकायची आणि त्या पाण्यात भाजी शिजवायची. वर आलं आणि मिरी सढळ हाताने. हे फक्त डब्याच्या भाजीत. रात्री घरात वास लपला नसता, पण दुकानात सगळीकडे तोच वास, तिथे कुणाला काय कळणार? पोराला फसवतोय म्हणून तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आईने केलं तर ते फसवणं नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

आणि गुण आला! हिरव्या झाकणाचा डबा चाटूनपुसून परत येऊ लागला. मुलाचे खांदे भरले, गालांवर तुकतुकी आली. ती मनातल्या मनात खूश झाली. हा आनंद कुणाला सांगायची सोय नव्हती, एवढंच.

नवऱ्याचं मात्र उलट झालं. सकाळी त्याचे डोळे सुजलेले दिसायचे. चपला पायाला घट्ट होऊ लागल्या. चहा पिता पिता तो म्हणायचा, "साखर घातलीस ना? कशालाच चव लागत नाही हल्ली." त्याच्या डब्यातल्या नळ्या न ठोकता तशाच परत येत. रात्री ताटातलं मटण तो बाजूला सारायचा. "दुपारचं जड झालंय," म्हणायचा आणि मुलाच्या वाटीकडे हात करायचा, "बघू रे, काय चरतोस ते."

तिला भडभडून आलं. पोराचं मन राखायला हा माणूस पाला गिळतोय आणि आतून झुरतोय, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

एकदा तिने मुलाला स्वयंपाकघरात गाठलं. "बापाकडे बघ जरा. तुझ्या या खुळापायी पार खचलाय तो. त्याच्यासमोर एक घास खा, माझ्यासाठी."

"मी खाल्ल्याने बाबांना बरं वाटणार नाही, आई."

"इतका कसा रे दगड झालास?"

मुलगा काहीतरी बोलणार होता. बाहेरच्या खोलीत बाप खोकला, तसा तो गप्प झाला.

"डब्यात भाजी देत जा," तो म्हणाला. "तेवढं कर. मोडू नकोस."

ती रागाने धुमसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने पातेल्यात दुप्पट नळ्या टाकल्या.

त्याच आठवड्यात नवरा दुकानात कोसळला.

दवाखान्यात ती पोचली तेव्हा मुलगा डॉक्टरांसमोर उभा होता. डॉक्टर चिडलेले होते. "किडनीचं निदान झालं तेव्हाच मी बजावलं होतं. मटण नाही, हाडांचं सूप नाही. आधी चांगला उतार पडला होता. मग पथ्य का मोडलंत?"

आईला काही उमगेना. "किडनी? कुणाची?"

"बाबांची, आई. तू हाय खाशील म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती." मुलगा डॉक्टरांकडे वळला. "पण पथ्य मोडलं नाही हो, डॉक्टर. दुकानदारच मटण खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक उभं राहील का? म्हणून सोडल्याचं नाव मी स्वतःवर घेतलं. दुपारी आम्ही डबे बदलायचो. त्यांचा मी खायचो, माझा ते."

"मग तुमच्या डब्यात काय असायचं?"

"नुसती भाजी." मुलाने आईचा हात घट्ट धरला. "आई, तूच सांग ना यांना."