कडी

बोटीच्या मागच्या फळीवर इंजिन बसतं. तिथेच त्याच्या बायकोने गळाची काठी अडकवायला एक कडी लावली होती. पुढे ती फळी आतून मऊ पडू लागली, तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिच्या कडीतून पाणी शिरलं. हौसेला मोल नसतं!" ती कधी उलटून बोलली नाही.

ती गेल्यावर त्याने फळी बदलायला काढली. मदतीला तिचा धाकटा भाऊ आला. तो इंजिन उतरवून पुसत बसला आणि याने ग्राइंडरने फळीवरचं फायबर कापून काढलं. आत कडीच्या स्क्रूंभोवतीचं प्लायवूड खडखडीत कोरडं होतं. तिने भोकांत पाणी अडवणारं सीलंट भरलं होतं. इंजिनाच्या बोल्टांभोवती मात्र ओला भुगा हाताला लागला. ती भोकं याने स्वतः पाडली होती आणि तशीच सोडली होती.

मेहुणा तिकडूनच ओशाळून म्हणाला, "त्या कडीनेच घात केला ना, भावोजी? ताईपण ना, भारी हट्टी होती."

याने पटकन पटाशी उचलून कडीभोवतीचं कोरडं लाकूड फोडून टाकलं.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाला आता काय बोल लावायचा?"

मेहुण्याचे डोळे भरून आले. "मन मोठं आहे तुमचं, भावोजी."