लाह्यांचं वजन

काटा चौतीस किलोवर थांबला आणि आमदार नोगेइरांनी टाळी वाजवली.

"टाकल्या तीस किलो, गोळा केल्या चौतीस! आणि म्हणे या लोकांना समुद्र सांभाळता येणार नाही!"

धक्क्यावरच्या मच्छीमारांपैकी कुणी टाळी वाजवली नाही. सकाळी तेल कंपनीने नदीच्या मुखाबाहेर मक्याच्या लाह्यांची सहा पोती समुद्रात ओतली होती. उद्या तिथे विहीर खोदली आणि तेल सांडलं, तर ते किती लवकर उचलता येईल, याची ही रंगीत तालीम. तेलाच्या जागी लाह्या. कंपनीने होड्यांत दिवसापुरतं डिझेल घातलं. गावातल्या बारा होड्या जाळी घेऊन चार तास लाह्यांमागे धावल्या आणि जेमतेम दीड पोतं घेऊन परतल्या. पाणी पिऊन जड झालेला तो लगदा आता काट्यावर होता.

मच्छीमार मंडळाची अध्यक्ष ओदेत काट्याला लागूनच उभी होती. तीस वर्षं ती याच पाण्यात जाळं टाकत आली होती. आजची भरती कुठे शिरली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. उरलेली साडेचार पोती कांदळवनात गेली होती.

"साहेब, या ओल्या आहेत," ती कंपनीच्या साहेबाला म्हणाली. "पाण्याचंही वजन धरलंत तुम्ही."

साहेबाने कागदावरून मान वर केली नाही. "मावशी, फॉर्मवर वजनाचा रकाना आहे. ओलं-सुकं असा रकाना नाही."

"मग पोती मोजा."

"पोत्यांचाही नाही."

तेवढ्यात आमदारांनी माइक हातात घेतला. "तिकडे राजधानीत, ब्राझीलियात बसलेल्यांना इथल्या माशांची फार दया येते. तुमची येत नाही! आपल्याच समुद्रात आपल्याला खोदू देत नाहीत, म्हणून तुम्हाला डिझेल सात रेआलला लिटर पडतं. एकदा विहिरी चालू होऊ द्या, निम्म्या भावात मिळेल!"

"मागच्या निवडणुकीला पूल देणार होतात, साहेब!" म्हातारा बेने मागून ओरडला. "तोही जरा भिजवून काट्यावर ठेवा, भरेल वजन!"

धक्का हसला. आमदारही पोट धरून हसले. या माणसाच्या तोंडावर थुंकलं असतं, तरी त्याने ते पुसून हात जोडले असते.

पण त्याच्या मागे कंपनीचा ट्रक उभा होता आणि ट्रकवर डिझेलची बारा पिंपं होती. होडीमागे एक. अहवालावर मंडळाच्या अध्यक्षाची सही झाली, की ती उतरणार होती. गुरिजुबा माशाचा हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, आणि बाराही होड्या आजचा दिवस सोडला तर डिझेलवाचून दोराला बांधलेल्या होत्या. घराघरांत नुसत्या कसाव्याच्या पिठावर दिवस काढणं चाललं होतं. ओदेतच्या घरातही.

मंडळाच्या रिवाजाप्रमाणे तिने सगळ्यांसमोर विचारलं. "हे खोटं आहे, ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. सही करायची म्हणता? हात वर करा."

पहिला हात बेनेचा वर गेला.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "थट्टेवर होडी चालत नाही, पोरी."

मग सगळेच हात वर गेले. ओदेतने सही केली. पेन परत देताना तिला त्या साहेबाची, आमदाराची आणि सगळ्यांत जास्त स्वतःची किळस आली.

पोरांनी फळ्या लावून पिंपं खाली घ्यायला सुरुवात केली. सात उतरली असतील, तेवढ्यात धक्क्याला एक लहानशी होडी येऊन टेकली. कांदळवनात खेकडे धरणारी जासिरा. मांड्यांपर्यंत चिखल. ओदेतच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून हिनेच मांडीवर घेतलं होतं. तिने होडीतून एक मोठं टोपलं उचललं आणि ओदेतपुढे धरलं. टोपलं लाह्यांनी भरलेलं होतं.

"अगं ओदेत, तुमचं काही सांडलं का? मुळामुळांत अडकलंय, बिळांत गेलंय. खेकडे आता बाहेर यायला तयार नाहीत. मला आपलं एवढंच उचलता आलं, आत नुसता खच पडलाय."

फळीवरून येणारं पिंप बेनेने पायाने अडवलं. साहेबाने कागदांची पिशवी छातीशी धरली. आमदार मात्र हसतच होते.

"अध्यक्षबाई," त्यांनी गोड आवाजात विचारलं, "या आपल्या आहेत का?"

ओदेतने ट्रककडे पाहिलं. पाच पिंपं अजून वरच होती. त्यांतलं एक तिचं होतं.

"आपल्या सगळ्या गोळा झाल्या," ती म्हणाली. "या आपल्या नाहीत."

जासिराने टोपलं तिथेच, ओदेतच्या पायांशी उपडं केलं. लाह्यांखाली दोरीत ओवलेल्या खेकड्यांच्या पाच माळा होत्या. दर खेपेला त्यांतली एक ती मुलीसाठी म्हणून ओदेतच्या हातात देऊन जायची.

तिने वाकून एकेक माळ उचलली, झटकली आणि होडीत टाकली. पाचही.

"लाह्या कुणाच्या नसतील," ती म्हणाली, "खेकडे माझे आहेत."