श्वास सोडा

स्कॅनिंग शिकणाऱ्या पोरांनी सरावाच्या त्या प्लास्टिकच्या धडाला ‘मामा’ असं नाव पाडलं होतं. ना डोकं, ना हात. आत नुसती जेली. तरीही मॅडमचा दंडक होता, की एमआरआयच्या बोगद्यात सरकवताना मामांपाशी, पेशंटने अडचण आली की दाबायचा तो बेलचा रबरी फुगा ठेवायचा आणि काचेआडून माईकवर “श्वास घ्या, रोखून धरा” म्हणायचं. खऱ्या पेशंटच्या वेळी विसरायला नको.

मिरची नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोरीला हे नाटक मुळीच पटत नसे. आज तिने काही न बोलताच मशीन चालवलं. चित्र पुसट आलं.

“पेशंटने श्वास घेतला की असंच येतं,” मॅडम म्हणाल्या. “सूचना दिली नाहीस ना?”

“मॅडम, मामांना फुप्फुसं आहेत कुठे?”

“पुन्हा कर.”

मिरचीने तणतणत माईक ओढला. “घ्या श्वास! धरा रोखून!”

चित्र लख्ख आलं.

तिच्या अंगावर काटा आला, पण तोरा उतरेना. “योगायोग,” ती म्हणाली आणि खुर्चीत रेलली.

“आता ‘सोडा’ म्हण.”

“प्लास्टिकला? मी नाही म्हणणार.”

“म्हण गं, लवकर!” मॅडमचा आवाज कापत होता. “धरायला ज्याने सांगितलं, त्याचंच ऐकतात ते.”

मिरचीने हाताची घडी घातली.

मामांपाशी ठेवलेल्या फुग्याची बेल काचेअलीकडे, मिरचीसमोरच्या टेबलावर वाजली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

“नाही म्हणणार!” मिरची ओरडली.

बेल आता थांबून थांबून वाजत होती.