फोटोपुरती फळं

डॉक्टरबाईंनी स्वतःच्या पायातला बूट काढला आणि नाडीचं टोक सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "हे प्लास्टिक दिसतंय? हे निघालं की नाडी उसवायला लागते. आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रं असतात, त्यांच्या टोकांनाही असंच टोपण असतं. त्याला टेलोमिअर म्हणतात. वय वाढतं तसं ते झिजत जातं."

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात खुर्च्या मांडून बसलेली म्हातारी मंडळी मन लावून ऐकत होती. झिजण्याबद्दल त्यांना कुणी नवं सांगायला नको होतं, पण बाई गोड बोलत होत्या. शिवाय त्यांच्या मागच्या टेबलावर सफरचंदं, संत्री, केळी रचून ठेवली होती. इतकी फळं या खोलीत एकत्र कुणी पाहिली नव्हती.

"झीज थांबवता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण भाज्या, फळं, कडधान्यं, मूठभर दाणे असं खाणाऱ्यांची झीज सावकाश होते, असं काही अभ्यासांत दिसलंय. रोज फळ मिळतं ना सगळ्यांना?"

"रोज. अगदी न चुकता," व्यवस्थापक म्हणाले.

खोटं बोलताना माणूस निदान नजर तरी इकडेतिकडे वळवतो. यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. सकाळी लापशी, दुपारी लापशी आणि संध्याकाळी तीच, पाणी घालून वाढवलेली. दात शाबूत असलेल्यांनाही तीच, कारण चावत बसणारा माणूस वेळ लावतो आणि भांडी घासायला उशिरा पडतात.

पहिल्या रांगेतली कंडक्टरबाई तोंड उघडणारच होती. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडताना तिनं कुणाची भीड ठेवली नव्हती. पण इथे तक्रार करणाऱ्याचं जेवण त्याच्या खोलीत पाठवायचा नियम होता. बायकांच्या खोल्या वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या खाली. नवऱ्याशी तिची गाठ पडायची ती याच जेवणघरात. तिनं ओठ मिटून घेतले.

नवरा तिच्या शेजारीच बसला होता. तापातून उठल्यापासून त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं, आणि पायजमा कितीही आवळला तरी कमरेवर ठरत नव्हता. एखादं संत्रं मिळालं तर बरं, एवढंच तो म्हणायचा. तिनं व्यवस्थापकांकडे मागून पाहिलं होतं. बघू, म्हणाले होते.

व्याख्यान संपलं. आता आश्रमाच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढायचा होता. व्यवस्थापक ट्रे घेऊन रांगेतून फिरले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फळ ठेवत गेले. नवऱ्याच्या वाट्याला संत्रं आलं. त्यानं ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"हुंगू नका आजोबा, छातीशी धरा," व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाले. "आणि कुणी खायचं नाही हं. फोटोपुरती आणलीत, दुकानात परत जायचीत."

"एवढं एक यांना राहू दे," कंडक्टरबाई म्हणाली. "आजारातून उठलेत."

"एकाला दिलं की सगळे मागतात, आजी. पुन्हा तेच काढलंत तर उद्यापासून तुमचं जेवण खोलीत."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. देत नाही म्हणाले असते, तर तिनं तेही गिळलं असतं. पण हातात ठेवून काढून घ्यायचं, आणि वर हसायला लावायचं?

"हं, हसा," फोटोवाला म्हणाला.

कंडक्टरबाईनं हातातलं सफरचंद तोंडाशी नेलं आणि कचकन चावा घेतला. कवळी हलली. तिनं ती अंगठ्यानं जागेवर बसवली आणि दुसरा चावा घेतला.

"आजी, अहो, हे काय करताय?"

"उष्टं झालं," ती चावता चावता म्हणाली. "आता दुकानदार घेतो का बघा."

"उद्यापासून खोलीत," व्यवस्थापक म्हणाले. आता आवाज हळू नव्हता. डॉक्टरबाई पायात बूट घालता घालता थांबल्या.

कंडक्टरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर घास उतरला नसता.

मागच्या रांगेत पुन्हा कचकन आवाज झाला. "मग माझंही खोलीत पाठवा," जन्मभर दुसऱ्यांची पथ्यं सांभाळलेली नर्सबाई तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

"माझंही," टेलरमामा केळं सोलत म्हणाले. मग कोण काय म्हणालं ते कळेनासं झालं. नुसता चावण्याचा आवाज. इतक्या जणांचं जेवण खोल्याखोल्यांतून पोचवायला आश्रमात माणसं कुठली? ते व्यवस्थापकांना कुणी सांगायला नको होतं. ते रिकामा ट्रे धरून नुसते उभे राहिले.

नवऱ्यानं संत्र्यात अंगठा खुपसायला घेतला. नख रुतत नव्हतं. कंडक्टरबाई मदतीला हात पुढे करणार, तेवढ्यात साल फुटली आणि रस त्याच्या मनगटावरून ओघळला. पहिली फोड त्यानं बायकोच्या तळहातावर ठेवली, दुसरी स्वतःच्या तोंडात. मग सालीचे तुकडे एकेक करून गोळा केले आणि व्यवस्थापकांच्या ट्रेमध्ये नीट ठेवले.

"एवढी परत करा," तो म्हणाला.