मधल्या मापाची वायर

“सकाळपासून ही दुसरी वायर परत आणताय, ताई,” दुकानदार म्हणाला. “तिसरी देण्याआधी तो कॅमेरा एकदा दाखवा तरी. नाहीतर आपण दोघंही इथेच म्हातारे होऊ.”

तिने पिशवीतून कॅमेरा काढला आणि काउंटरवर जपून ठेवला. मघाशीच आणायला हवा होता; पण तो घराबाहेर न्यायचा तिला धीर होत नव्हता. कॅमेरा बाबांचा होता. बाबा फोटोग्राफर. तीस वर्षं त्यांनी लोकांची लग्नं टिपली, पण आपल्या कॅमेऱ्याला कधी कुणाला बोट लावू दिलं नाही. तोच काल कुरिअरने तिच्या दारात आला होता. सोबत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘यात तुझ्यासाठी दोन मिनिटं आहेत. मोठ्या पडद्यावर बघ.’ खाली ना आशीर्वाद, ना सही.

वर्षभर बापलेकीत अबोला होता. तिने स्टुडिओ सांभाळावा असं बाबांच्या मनात होतं, आणि तिने कर्णबधिर मुलांच्या शाळेत नोकरी धरली. “कॅमेरा सोडून पोरांची तोंडं बघत बसणार?” बाबा म्हणाले होते. तीही त्यांचीच मुलगी. “ती तोंडं निदान माझ्याशी नीट बोलतात,” असं सुनावून तिने बॅग उचलली होती. पुढे तीच मऊ पडली, फोन करू लागली, तर बाबा फोनवर येईनात. आई म्हणायची, “राहू दे गं, सर्दी झालीय त्यांना.” चार महिने कुणाची सर्दी टिकते का? हट्टीपणात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता जिवापाड जपलेला कॅमेराच घराबाहेर काढला, म्हणजे पुन्हा दारात पाऊल ठेवू नकोस, असंच काहीतरी त्यात असणार.

कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा पडदा केव्हाच गेला होता. काल संध्याकाळी तिने शेजाऱ्यांकडून जुनी तीन रंगांची वायर आणली आणि टीव्हीला लावली. चित्र आलं, पण वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं. स्टुलावर बसलेले बाबा, गळ्यात मफलर, आणि तोंडाच्या जागी नुसता हलता डाग. लाल-पांढऱ्या पिना सैल होत्या, त्यामुळे आवाजाचा पत्ता नाही. ओठ वाचणं हे तिचं रोजचं काम. पण त्या डागातून तिला एक शब्द लागेना. तिने आईला फोन लावला.

“आई, काय म्हणालेत ते?”

“मी नाही सांगायची. शपथ घातलीय मला.”

“निदान चांगलं का वाईट, तेवढं तरी सांग.”

आई म्हणाली, “दोन्ही.” आणि तिने फोन ठेवला.

दुकानदाराने कॅमेरा उलटापालटा करून बाजूचं झाकण उघडलं, आत डोकावलं. “तरीच. पहिली दिली ती मोठ्या तोंडाची, दुसरी एकदम बारीक. याला मधलं माप लागतं. हल्ली कोण विचारतं हिला?” तो खण उपसू लागला. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. समोर सोनेरी टोकांची जाडजूड वायर टांगलेली होती. तिने तिच्याकडे बोट दाखवलं.

“ती नको,” तो खणात डोकं घालूनच म्हणाला. “नुसता दिमाख. साधीच घ्या. बसली की बसली. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून येतात, लाल-पांढऱ्याची भानगड नाही.”

वायर मिळाली. तिने पिशवीसुद्धा घेतली नाही.

घरी आल्यावर चपला न काढताच ती टीव्हीच्या मागे शिरली. वायरीचं एक टोक टीव्हीत गेलं, दुसरं कॅमेऱ्यात खट्कन बसलं. पडदा काळा. तिने रिमोटची बटणं दाबली. एकदा, दोनदा. मग बाबा आले, पाठीमागच्या पडद्यावरच्या रंगवलेल्या बागेसकट, पापण्यांचे केससुद्धा मोजता येतील इतके स्वच्छ.

तिने पाहिलं, त्यांना मिशी नव्हती. जन्मभर जपलेली ती झुपकेदार मिशी त्यांनी साफ काढून टाकली होती. वरचा ओठ उघडा, पांढरट, परक्याचा वाटत होता. तो हलायला लागला.

आवाज नाही. ही वायरही वाया गेली, असं म्हणत तिने रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला. स्टूल करकरलं. बाहेरून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न आला. स्टुडिओतला जुना पंखा टिक टिक करत होता, तो तिने लांबूनही ओळखला असता. तिने आवाज पूर्ण वाढवला. पंखा खोलीभर घुमू लागला. बाबांचे ओठ हलतच होते.

वायर चांगली होती.

बाबा थांबले. त्यांनी मफलर सोडला. गळ्यावर एक आडवा व्रण होता आणि त्याच्या मधोमध एक लहानसं भोक, कडेने नुकतंच भरत आलेलं. चार महिन्यांची सर्दी. तिला भडभडून आलं, पण तिने घाईघाईने डोळे पुसले. एक अक्षर चुकवून चालणार नव्हतं.

बाबांनी मान सरळ केली आणि उजेड तोंडावर घेतला. मग त्यांचे ओठ सावकाश, एकेक अक्षर सुटं करून हलले. तिच्या वर्गात पहिल्या वर्षी मुलं बोलतात, अगदी तसे.

‘बाई, तुमच्या वर्गात एक म्हातारा मुलगा घ्याल का?’